नदी तेवढीच, घागरी वाढल्या

आज आपल्या नदीच्या पाण्याबद्दल बोलू, आणि त्यासाठी जरा मागं जाऊ.

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. आमच्या बचत गटाची बैठक होती. हप्ते गोळा झाले, वहीत लिहून झाले, आणि मग नेहमीचाच विषय निघाला. नळाला पाणी तिसऱ्या दिवशी येतंय, तेही अर्धा तास. एकजण म्हणाली, "पावसाळ्यात धरण तर भरलं होतं की. मग पाणी जातं कुठं?" नीट उत्तर कुणालाच देता आलं नाही. एकीनं उसाकडं बोट दाखवलं, दुसरीनं इचलकरंजीकडं, तिसरीनं कोल्हापूरकडं. आपल्या स्वतःच्या घरामळ्याकडं मात्र कुणाचंच बोट वळलं नाही. तेव्हा आम्ही ठरवलं, की या पाण्याची गोष्ट पहिल्यापासून समजून घ्यायची. जुन्या बायकांना विचारलं, पुस्तकं चाळली, बंधाऱ्यावर जाऊन आलो. त्यातून जे कळलं ते आज तुमच्यापुढं ठेवतोय.

आधी आपला मुलूख डोळ्यांसमोर आणा. हातकणंगले तालुक्याच्या दक्षिणेला पंचगंगा आणि उत्तरेला वारणा. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या चार नद्या, आणि पाचवी गुप्त सरस्वती, अशा मिळून पंचगंगा झाली असं आपण लहानपणापासून ऐकतो. प्रयाग चिखलीला त्यांचा संगम, आणि पुढं नरसोबाच्या वाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. वारणा सांगलीजवळ हरिपूरला कृष्णेला मिळते. म्हणजे दोन्ही नद्या शेवटी कृष्णेच्याच.

या दोन नद्यांच्या मध्ये आपला माळ. आळते, मजले, नेज अशी माळाची गावं एकीकडं, आणि रुई, चंदूर, इंगळी किंवा निलेवाडी, घुणकी अशी काठाची गावं दुसरीकडं. काठाच्या बाईला पुराची धास्ती, माळाच्या बाईला चैत्राची. तालुका एक, पण पाण्याची दोन दुखणी.

पाऊस पडतो तो पश्चिमेला, डोंगरात. गगनबावडा, दाजीपूर तिकडं तो महिना महिना उघडत नाही. आपल्याकडं येईपर्यंत त्यातला थोडाच उरतो. आणि जो पडतो तो चार महिन्यांत. उरलेले आठ महिने नदीला पाणी राहायचं ते डोहातून. म्हणून जुन्या काळी आपल्या शिवारात काळ्या रानात शाळू, माळाला पावसावरची पिकं, आणि विहिरीला पाणी असेल त्याच्याकडं मोटेवरचा थोडा ऊस. मोटेनं एका दिवसात किती रान भिजणार? बैल दमले की पाणी थांबायचं. पाण्याची मर्यादा सांगायला वेगळा कायदा लागत नव्हता.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी, १८९६-९७ ला आणि पुन्हा १८९९-१९०० ला, मोठे दुष्काळ पडले. छत्रपती शाहू महाराजांनी राज्यकारभार हातात घेतला तो १८९४ साली. म्हणजे गादीवर आल्याबरोबर त्यांच्यापुढं दुष्काळ आणि पाठोपाठ प्लेग. पुढं त्यांनी संस्थानासाठी पाटबंधाऱ्याचं धोरण आखलं, विहिरी आणि तळ्यांकडं लक्ष दिलं, आणि भोगावतीवर मोठं धरण बांधायचं ठरवलं. धरणासाठी वसवलेल्या गावाला त्यांनी आपल्या लेकीचं नाव दिलं, राधानगरी. तलावाचं नाव महाराणी लक्ष्मीबाईंच्या नावावरून लक्ष्मी तलाव. लेकीच्या आणि राणीच्या नावानं पाणी साठवणारं हे धरण.

काम १९०९ च्या सुमाराला सुरू झालं. १९१८ पर्यंत भिंत थोडी वर आली आणि पैशाअभावी थांबली. १९२२ ला महाराज गेले. धरण पुरं व्हायला स्वातंत्र्यानंतरची १९५० ची दशकं उजाडावी लागली. आज त्यात आठ टीएमसीच्या वर पाणी मावतं. धरण बांधणाऱ्यानं स्वतः त्याचं भरलेलं पाणी पाहिलं नाही. पुढच्या पिढीसाठी साठवायचं म्हणजे काय, ते इथं दिसतं.

दरम्यान आपल्या भागानं आणखी एक गोष्ट शोधली. तिचं नाव सगळ्या महाराष्ट्रात आपल्या जिल्ह्यावरून आहे: कोल्हापूर पद्धतीचा बंधारा. नदीत दगडी खांब उभे करायचे आणि खांबांच्या खाचांत बरगे बसवायचे. पावसाळा संपला, ऑक्टोबरात पाण्याचा जोर ओसरला, की बरगे घालायचे आणि नदीत पाणी अडवायचं. पावसाळ्याआधी बरगे काढायचे, म्हणजे पूर मोकळा वाहून जातो आणि गाळही सोबत जातो. कसबा बावड्याचा राजाराम बंधारा तुम्हाला ठाऊक आहे. पावसाळ्यात बातम्यांत जी पातळी सांगतात ती त्याच बंधाऱ्यावरची, ३९ फूट इशाऱ्याची आणि ४३ फूट धोक्याची.

या बंधाऱ्याचं सगळं काम वेळेवर चालतं. बरगे उशिरा घातले तर पाणी वाहून गेलं, वर्ष तहानेचं. काढायला उशीर झाला तर पाण्याला फुगवटा, वरच्या गावाला त्रास. एका माणसाच्या मनावर ते चालत नाही. वरच्या आणि खालच्या गावांना एकमेकांशी बोलावंच लागतं. आणि पाणी सगळ्यांना दिसतं. किती आहे, किती उरलंय, कोण उपसतंय, हे धुण्याला नदीवर गेलेल्या बाईलाही कळायचं. आमच्या गटातल्या सत्तरीच्या आजी सांगतात, "घाटाची कुठली पायरी उघडी पडली ते बघून आम्ही ओळखायचो, यंदा मे कसा जाणार."

पुढं स्वातंत्र्य आलं, वीज आली, आणि मोटेची जागा मोटारीनं घेतली. नदीकाठी जॅकवेल बांधायचं, पाणी उपसून नळानं चार-पाच किलोमीटर वर माळाला न्यायचं. एकट्या शेतकऱ्याला ते परवडणारं नव्हतं, म्हणून गावोगाव सहकारी पाणीपुरवठा संस्था निघाल्या. त्याच सुमाराला सहकारी साखर कारखाने आले. देशभक्त रत्नाप्पाण्णा कुंभारांचा पंचगंगा कारखाना इचलकरंजीजवळ, तात्यासाहेब कोरे यांचा वारणा कारखाना वारणानगरला. माळ हिरवा झाला. कौलं गेली, स्लॅब आले, पोरं शिकली, पोरीही शिकल्या. हे सगळं उसानं दिलं. आज आपण उसाला नावं ठेवताना हे विसरता कामा नये.

पाणी वाढवायला मग आणखी धरणं झाली. तुळशी, कासारी, कुंभी. दूधगंगेवर काळम्मावाडी, २५ टीएमसीचं. वारणेवर चांदोली, ३४ टीएमसीचं. चांदोलीच्या पाण्याखाली ज्यांची गावं गेली त्या धरणग्रस्तांच्या वसाहती आपल्या तालुक्यातही आहेत. तिथल्या बाईशी कधी बोला. तिच्या माहेरच्या देवळावरून आज पाणी फिरतंय आणि तेच पाणी आपल्या नळाला येतंय. पाणी फुकट मिळालंय असं मग वाटत नाही.

आता गोष्टीची दुसरी बाजू. आपल्याच तालुक्यातलं इचलकरंजी. घोरपड्यांच्या जहागिरीचं गाव. नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांच्या पाठबळानं १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी तिथं पहिला यंत्रमाग चालवला. एकाचे लाखावर माग झाले. कर्नाटकातून, सोलापुराकडून, पार उत्तरेकडून माणसं कामाला आली. त्यात बायकाही आल्या, कांडी भरायला, सूत गुंडाळायला. २०२२ साली तिथं महानगरपालिका झाली. एवढ्या शहराला प्यायला पाणी हवं, आणि कापड धुवायला, रंगवायलाही हवं.

शहर वाढलं, कोल्हापूर वाढलं, गावंही वाढली. सगळ्यांचं सांडपाणी उताराच्या वाटेनं गेलं ते नदीतच. नदीचं पाणी कमी आणि त्यात घाण जास्त, असं झालं की ते पाणी असूनही नसल्यासारखं. २०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची साथ आली. हजारो माणसं आजारी पडली, कित्येकजण दगावले. ही कावीळ पिण्याच्या पाण्यात मैला मिसळल्यानं पसरते, आणि गरोदर बाईच्या जिवाला ती सगळ्यात घातक. त्या उन्हाळ्यात आमच्यातल्या एकीची भाची पोटुशी होती. घरच्यांनी तिला दोन महिने माहेरी हलवली, केवळ पाण्याच्या भीतीनं. ती वाचली, बाळही सुखरूप. पण ज्यांना माहेर लांब होतं त्यांचं काय झालं असेल, हे आजही मनातून जात नाही.

पंचगंगेचं पाणी पुरेना आणि भरवशाचं राहीना, तेव्हा शहरानं लांबून पाणी आणायला सुरुवात केली. आधी कृष्णेतून, शिरोळ तालुक्यातल्या मजरेवाडीहून. तेही पुरेना म्हणून मग वारणेतून, दानोळीहून आणायचं ठरलं. वारणाकाठची गावं उठून उभी राहिली, म्हणाली आमचं पाणी देणार नाही. मग दूधगंगेतून, कागलजवळच्या सुळकूडहून आणायची योजना आली. तिकडचीही गावं रस्त्यावर उतरली. मोर्चे निघाले, बंद झाले. दोन्हीकडच्या मोर्चांत बायका पुढं होत्या.

इथं थोडं थांबा. मोर्च्यात घागर घेऊन पाणी मागणारी शहरातली बाई आणि पाणी देणार नाही म्हणणारी वारणाकाठची बाई, दोघींची गावं याच तालुक्यात असू शकतात. कदाचित त्या विहिणी विहिणी असतील. शहरातल्या बाईला आठ-आठ दिवस पाण्याची वाट बघावी लागते, हे खरं. काठाच्या बाईला भीती वाटते की आज पिण्याला दिलेलं पाणी उद्या कारखान्याला जाईल आणि आपला ऊस वाळेल, हेही खरं. दोघींपैकी कुणीही खोटं बोलत नाही. पण एकमेकींचा हिशेब दोघींनीही बघितलेला नाही.

हा इतिहास वाचताना आम्हाला एक गोष्ट दिसली. शंभर वर्षं आपण प्रत्येक टंचाईला एकच उत्तर दिलं: आणखी पाणी आणा. मोटेवरून मोटारीवर, एका धरणावरून सहावर, पंचगंगेवरून कृष्णेवर, कृष्णेवरून वारणेवर, वारणेवरून दूधगंगेवर. प्रत्येक वेळी ते उत्तर काही वर्षं पुरलं. आता पुढची नदी कुठली? सगळ्या नद्या कृष्णेच्या पोटातल्या, आणि कृष्णेचं पाणी महाराष्ट्र, कर्नाटक आणि आंध्र यांच्यात कधीच वाटून झालंय. बच्छावत लवादानं १९७० च्या दशकातच महाराष्ट्राचा वाटा ५६० टीएमसी ठरवला. त्यात साताराही आला, सांगलीही, सोलापूरही आणि आपणही. २०१९ आणि २०२१ ला महापुरानं आपली घरं बुडवली, तरी त्यानंतरच्या उन्हाळ्यांत उपसाबंदीची नोटीस लागलीच. पुराचं पाणी चार दिवसांत समुद्राकडं निघून जातं, ते मे महिन्यात घागरीत येत नाही.

म्हणून आता वाटपाचा हिशेब शिकायचा. घाबरू नका, बचत गटाची वही ज्या बाईला जमते तिला हा हिशेब जमतोच.

एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, सुमारे २,८३० कोटी लिटर. ग्रामीण नळयोजनेत दर माणशी दर दिवशी ५५ लिटर धरतात. पाच हजार वस्तीच्या गावाला दिवसाला पावणेतीन लाख लिटर, वर्षाला सुमारे १० कोटी लिटर. म्हणजे एका टीएमसीत अशा जवळपास २८० गावांचं वर्षभराचं पाणी भागतं. आता ऊस बघा. पावसाचं सोडून द्या, आणि पाटानं दिलेलं पाणी एका पिकाला सगळं मिळून दीड मीटर उंचीचं धरा. एका एकराला ते ६० लाख लिटर झालं. म्हणजे पाच हजार वस्तीचं वर्षाचं पाणी ते सोळा-सतरा एकर उसाचं पाणी.

हा हिशेब करून आम्ही गप्पच बसलो. कारण आमच्यातल्या बहुतेकींच्या घरी ऊस आहे. ऊस तोडून टाका असं आम्ही म्हणणार नाही, आमचीही चूल त्यावरच पेटते. पण रात्रीची लाईट आली की मोटर चालू करून झोपायचं आणि सकाळी सरी ओसंडून पाणी ओढ्याला गेलेलं बघायचं, हे आपल्या सगळ्यांच्या घरात होतं. ठिबक केलं, पाला जाळायच्या ऐवजी सरीत ठेवला, आणि एका एकरात तिसरा हिस्सा पाणी वाचलं, तर ते २० लाख लिटर. हजार माणसांचं महिन्याहून अधिक दिवसांचं पाणी. शिवाय जास्त पाण्यानं रान मिठाचं होतं, पांढरं पडतं, हे आपल्या आणि शेजारच्या शिरोळच्या रानांत दिसतंच आहे. म्हणजे पाणी वाचवणं ही दुसऱ्यावर केलेली दया नाही, आपलं रान वाचवणंही आहे.

वाटप न्यायानं करता येतं का? येतं, आणि ते महाराष्ट्रात घडलंय. १९७२ चा दुष्काळ बघून विलासराव साळुंखे या इंजिनिअरनं पुणे जिल्ह्यातल्या पुरंदर तालुक्यात, नायगावात पाणी पंचायत सुरू केली. त्यांचे नियम साधे होते. पाणी जमिनीच्या मापानं द्यायचं नाही, घरातल्या डोक्यांच्या मापानं द्यायचं. दर माणशी अर्ध्या एकराचं पाणी, आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचं. भूमिहीनालाही पाण्यात वाटा. आणि त्या पाण्यावर ऊस नाही. आपल्याकडं हे जसंच्या तसं बसणार नाही, आपला ऊस तीन पिढ्यांचा आहे. पण डोकी मोजायची म्हटल्यावर बायकांचं डोकंही मोजलं गेलं, हे आपण लक्षात ठेवायचं.

कारण आपल्याकडं पाण्याचा हक्क जमिनीमागं चालतो आणि जमीन सातबाऱ्यावरच्या नावामागं. पाणीपुरवठा संस्थेचा सभासद तो, ज्याच्या नावावर रान. उसाला रात्री पाणी पाजायला बॅटरी घेऊन कित्येकदा बाई जाते, पण संस्थेच्या सभेला जायला तिचं नाव लागतं आणि ते नसतं. १९९२ साली लक्ष्मी मुक्ती योजनेचा सरकारी आदेश निघाला. नवऱ्यानं अर्ज दिला तर बायकोचं नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लागतं. आमच्या गटात आम्ही हात वर करायला सांगितले. वीस बायकांत तीन हात वर गेले.

गावच्या नळपाण्याचं मात्र तसं नाही. ग्रामपंचायतीच्या पाणीपुरवठा व स्वच्छता समितीत निम्म्या बायका असायला हव्यात. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायला हवी. पाण्याची तपासणी करायचं किट देऊन गावातल्या पाच बायकांना शिकवायची सोय जलजीवन मिशनमध्ये आहे. ही दारं उघडी आहेत. समितीत आपली नावं असतातही, पण सही घरी येऊन घेऊन जातात. तेव्हा पहिलं काम एवढंच करा. समितीवर कोण आहे ते विचारा, आणि तुमचं नाव असेल तर घरी सही देऊ नका, सभेत जाऊन द्या.

सभेत गेल्यावर चार प्रश्न विचारा. आपल्या गावाचं पाणी कुठल्या नदीतून, कुठल्या ठिकाणाहून उचललं जातं? दिवसाला किती लिटर उचललं जातं आणि किती नळापर्यंत पोचतं? पाण्याची तपासणी शेवटची कधी झाली आणि तिचा निकाल काय? आणि गावचं सांडपाणी कुठं जातं? या चौथ्या प्रश्नाला सगळे इकडंतिकडं बघतात, असा आमचा अनुभव आहे. पण खालच्या गावाच्या पिण्याच्या पाण्यात आपलीच गटार जात असेल, तर वरच्या शहराला बोल लावायचं तोंड आपल्याला राहत नाही.

आमच्या गावात हे प्रश्न विचारले तेव्हा पहिल्या सभेत उत्तर मिळालं नाही. दुसऱ्या सभेत कागद आले. नळाला किती पाणी पोचतं ते कुणी मोजलेलंच नव्हतं. मग आम्हीच आठवडाभर दहा घरांत बादल्या मोजल्या. वरच्या आळीला चाळीस बादल्या आणि खालच्या आळीला अकरा. एकाच गावात, एकाच टाकीवरून. दोन आळ्यांना वेगवेगळ्या दिवशी पाणी सोडायचं ठरलं तेव्हा वरच्या आळीच्या बायका रागावल्या. त्यांत आमच्या गटाच्या दोघीही होत्या. महिनाभर त्या बैठकीला आल्या नाहीत. आता येतात. खालच्या आळीला आता सव्वीस-सत्तावीस बादल्या मिळतात. नवीन थेंबभरही पाणी आलेलं नाही.

जुन्या बंधाऱ्यावर जे डोळ्यांना दिसायचं ते नळानं आपल्यापासून झाकलं. तोटी उघडली की पाणी येतं आणि नाही आलं की राग येतो, मधलं काही दिसत नाही. ते पुन्हा बघायला शिकायचं आहे.

तर पुढच्या बैठकीपर्यंत एक काम करा. सात दिवस आपल्या घरच्या बादल्या मोजा आणि गटाच्या वहीत लिहा. शेजारच्या आळीतल्या एका घरच्याही मोजा. जमलं तर शेजारच्या गावात दिलेल्या लेकीला फोन करून तिच्या घरच्या विचारा. आकडे घेऊन बसलो की भांडण झालं तरी कामाचं भांडण होईल.

येतो आम्ही. पाणी जपून वापरा, आणि सभेला जा. नमस्कार.